किट कारच्या (सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या गाडीच्या) दारांची फट सारखी हवी? आधी गाडी चाकांवर उतरवा
दारं बसवताना गाडी जॅकवर नको. चाकांवर उभी करा, इंजिन आणि सीटही आत असू द्या. त्या वजनाने चेसिस किंचित वाकते आणि जॅकवर जमवलेली फट बिघडते. दाराचं रबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आधीच आणून लावा, कारण तेच दाराला बाहेर ढकलतं. मग 5 मिमी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे फटीत अडकवून बिजागऱ्या घट्ट करा. बॉनेट दारांनंतर. प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो, म्हणून फट अर्धा मिमी जास्तच ठेवा. फायबरची कड रेझिनने भरायची असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात थांबाच. दमट हवेत पॉलिस्टर रेझिन चिकट राहतं, नीट कडक होत नाही.