अनू, बाबू आणि चोंबडा : नववीच्या वर्गात क्वांटम किल्ली

क्वांटम, म्हणजे अणू आणि प्रकाशाच्या सूक्ष्म जगाचे नियम, म्हटलं की बहुतेक जण मांजरापासून सुरुवात करतात. एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर. मुलं हसतात, तास संपतो, वहीत एक चित्र उरतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझं ठाम मत आहे की हा विषय मुलांच्या हातात आधी यावा, शब्द मागाहून. त्यासाठी सलग दोन तास मिळाले तर पुरतात.

पहिल्या तासाला लागते पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड पार जाऊ देणारा पातळ पडदा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे तिचे उरलेले काप असतात, मागितले की देतात. कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसमोर काप धरून गोल फिरवा. आकडे दिसेनासे होऊन परत दिसले, तर फिल्म कामाची. थ्रीडी सिनेमाचे चष्मे घेऊ नका, त्यांतले बहुतेक वेगळ्या जातीचे असतात आणि प्रयोग फसतो. फिल्मची दिशा ठरवायला चकचकीत फरशीवरची तिरीप तिच्यातून बघा. तिरीप नाहीशी होते त्या स्थितीत फिल्मवर मार्करनं उभा बाण काढा आणि बाणाच्या रेषेत चौकोन कापा. हातात फिल्म असली की मुलं हमखास सूर्याकडे बघतात. तसं करायचं नाही, हे वाटपाआधीच सांगा.

आता खिडकीच्या उजेडात एक चौकोन बाण उभा, त्यावर दुसरा बाण आडवा. काळोख. गटागटानं सगळ्यांना करू द्या. मग तिसरा चौकोन पतंगासारखा तिरका करून त्या दोघांच्या मधोमध सरकवायला सांगा. काळोख्या चौकोनातून उजेड परत येतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी तो मधला काप चार वेळा काढून घालत राहिली आणि म्हणाली, "बाई, अडवायला आणखी एक लावली, तर उजेड वाढला कसा?" इथे उत्तर देण्याची घाई करू नका. पाच मिनिटं वर्गाला भांडू द्या.

मग सांगा : फिल्म ही नुसती चाळणी नाही. पार गेलेल्या उजेडाला ती स्वतःची दिशा देते, जुनी दिशा पुसली जाते. एवढ्यावर थांबलात तर मात्र अर्धंच सांगितलं असं होईल, कारण हे लाटांच्या नियमांनीही सुटतं. क्वांटमपणा फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, एकेकटा आला की कळतो. एक मिलिवॅटच्या लाल लेझरमधून सेकंदाला तीनावर पंधरा शून्यं इतके फोटॉन निघतात, म्हणून एरवी तो जाणवत नाही. एकटा फोटॉन तिरक्या फिल्मवर आला तर अर्धा पार जात नाही. जातो तर पूर्ण, नाहीतर नाहीच, आणि काय होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा तास खेळाचा. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी 1984 मध्ये गुप्त किल्ली, म्हणजे निरोप कुलूपबंद करायला लागणारी 0-1 ची ओळ, पाठवायची जी पद्धत मांडली, तीच आपण कागदी पत्त्यांनी खेळतो. ती मांडली गेली बंगळुरूच्या परिषदेत, हे सांगितलं की मुलं ताठ बसतात.

अनू पाठवणार, बाबू घेणार. अनू दर वेळी दोन नाणी उडवते. एक ठरवतं जोडी, 'अधिक' की 'फुली'. दुसरं ठरवतं 0 की 1. अधिकमध्ये उभी रेघ 0, आडवी 1. फुलीत एक तिरकी 0, दुसरी 1. रेघ पत्त्यावर काढून पत्ता पोस्टमनकडे द्यायचा. बाबू पत्ता न बघताच आपली जोडी नाण्यानं ठरवतो. ती पोस्टमनला सांगतो. जोडी जुळली तर पोस्टमन खरा आकडा सांगतो, नाही जुळली तर नाणं उडवून येईल तो. पत्ता लगेच फाडायचा.

हा पोस्टमन म्हणजे निसर्ग, आणि त्याला वगळू नका. पहिल्या वर्षी मी पत्ते सरळ हातोहात दिले होते. मधल्या मुलानं पत्ता बघितला, वहीत उतरवला, जसाच्या तसा पुढे दिला. कुणालाच पत्ता लागला नाही आणि सगळा खेळ खोटा ठरला. कागद बघितल्यानं बदलत नाही, फोटॉन बदलतो, आणि अनोळखी फोटॉनची नक्कल करता येत नाही. तो फरक पोस्टमन सांभाळतो.

40 पत्ते झाले की दोघं मोठ्यानं फक्त जोड्या वाचतात, आकडे नाहीत. साधारण 20 जागी जोडी जुळते. तेवढेच आकडे ठेवायचे. ते तंतोतंत सारखे निघतात तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या.

आता मध्ये चोंबडा, म्हणजे किल्ली चोरून बघणारा, बसवा. त्यालाही पोस्टमनलाच विचारावं लागतं आणि मिळालेल्या आकड्याचा, आपल्याच जोडीतला नवा पत्ता करून पुढे पाठवावा लागतो. निम्म्या वेळा त्याची जोडी चुकते, त्यातल्या निम्म्या वेळा बाबूचा आकडा चुकतो. म्हणजे जुळलेल्या चारांत एक चूक. आमच्याकडे 21 पैकी 6 चुकले. फळ्यावर हिशेब मुलांनाच करू द्या : 8 आकडे उघड ताडून पाहिले तर चोंबडा निसटण्याची शक्यता सुमारे 10 टक्के, 16 ताडले तर 1 टक्का. संभाव्यतेचा धडा इतका जिवंत मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

शेवटी खऱ्या प्रयोगाचं सांगा. 2021 मध्ये इस्रोनं अहमदाबादेत दोन इमारतींमध्ये 300 मीटरवर मोकळ्या हवेतून असा क्वांटम संवाद करून दाखवला, तोही रात्री. रात्रीच का, हे विचारा. तिरीप आणि फिल्म हाताळलेली मुलं दिवसाच्या उजेडाचा गोंधळ लगेच ओळखतात.

एक प्रश्न दरवर्षी येतो, त्याची तयारी ठेवा : "चोंबडा नसेल, पण यंत्रच चुकत असेल तर?" उत्तर असं की अनू-बाबूंना फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक चूक चोंबड्याच्याच नावावर धरायची. चुका थोड्या असतील तर गणितानं किल्ली आखूड करून त्याला कळलेलं काढून टाकता येतं. या पद्धतीत साधारण 11 टक्क्यांच्या वर चुका गेल्या, की ती किल्ली टाकून द्यायची आणि नाणी पुन्हा उडवायची.