नॅरोबोटचं इंजिन चालू पण बोट पुढे सरकत नाही (माझा अनुभव)
वेल्समधल्या लँगोलेन कॅनॉलवर नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) घेऊन आम्ही पाच मित्र, बोट अचानक जड झाली, थ्रॉटल वाढवला की काळा धूर, टिलर (बोट वळवायचा दांडा) थरथरतोय. रिव्हर्स मारला, बांबूने ढोसलं, काही नाही. दोन तास गेले, जाम वैताग आला.

प्रोपेलरला (बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा) दोरी आणि प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. आधी बोट काठाला बांधा, इंजिन बंद, चावी काढून स्वतःच्या खिशात, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग मागच्या डेकखालचं वीड हॅच (प्रोपेलरपर्यंत हात पोचावा म्हणून ठेवलेली झाकणाची खिडकी) उघडा, जाड ग्लोव्ह्ज घालून हात खाली घाला आणि ब्रेडच्या दातेरी सुरीने कापून काढा, कचरा वर घ्या. झाकण बसवून क्लॅम्प पूर्ण आवळा, सैल राहिलं तर प्रोपेलर पाणी आत फेकतो आणि बोट बुडू शकते. मगच इंजिन, हळू गिअर टाकून झाकणाच्या कडेने पाणी येत नाही ना बघा.