आधी रंगपट्टी बांधा, मग नकाशा काढा

बीड आणि नांदेडच्या पावसाचे नकाशे मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथन भाषेतलं आलेख काढायचं साधन) वेगवेगळे काढताय? मग दोन्हींना व्हीमिन आणि व्हीमॅक्स, म्हणजे रंगपट्टीची खालची आणि वरची मर्यादा, सारखेच द्या, समजा 0 आणि 300 मिलिमीटर. नाही दिलं तर प्रत्येक नकाशा स्वतःच्याच आकड्यांवरून रंग ठरवतो. मग बीडचे 100 मिलिमीटर आणि नांदेडचे 250 एकाच रंगात उमटतात, आणि बीडमधली कोरडी आष्टी नांदेडच्या किनवटइतकी भिजलेली दिसते. टँकरचं नियोजन अशा नकाशावरून व्हायला नको.

'जेट' ही इंद्रधनुषी रंगपट्टी तर टाळाच. तिचा पिवळा पट्टा नसलेली सीमारेषा दाखवतो. 2017 पासून मॅटप्लॉटलिब आपोआप वापरते ती रंगपट्टी 'व्हिरिडिस' काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही कमी-जास्त नीट दाखवते.