श्वासोच्छ्वासाचा धडा: आधी छाती, मग फुप्फुस

पहिल्यांदा सातवीला हा धडा शिकवला तेव्हा मी फळ्यावर मोठ्ठी आकृती काढली होती, नाक, घसा, श्वासनलिका, वायुकोश, सगळी नावं रंगीत खडूनं. पोट्ट्यांनी वहीत उतरवून घेतली, परीक्षेत बरोब्बर लिहिली, आणि मग मी सहज विचारलं की अरे पण हवा आत जातेच कशी, तर अख्खा वर्ग चूप. एक जण म्हणाला, "मॅडम, नाक ओढून घेते." बाकीचे हसले खरे, पण दुसरं उत्तर कोणाकडेच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही धड नव्हतं.

तेव्हापासून मी आकृती शेवटी काढते. आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्ली कोणाकडे हे शोधण्यातच तास जातो. म्हणून खाली जे सांगतेय ते सगळं गावात मिळते.

सुरुवात एका प्रश्नानं करा: हवा आत जाते म्हणून छाती फुगते, की छाती फुगते म्हणून हवा आत जाते? हात वर करायला लावा. जवळपास सगळे पहिल्याला हात वर करतात, फुगा तसाच फुगतो ना, तोंडानं हवा भरली की. मग म्हणा, आता तोंड मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि छाती फुगवून दाखवा. थोडी फुगते! हवा एक थेंब आत गेली नाही तरी बरगड्या वर सरकतात, आत ओढ जाणवते, नाक सोडलं की हवा सुर्रकन आत. दोन मिनिटांत निकाल लागतो, फक्त सर्दीवाल्या आणि दम्याच्या लेकराला यातून सूट द्या.

आता सिरिंज. मेडिकलमधून सुई नसलेली मोठी आणायची. दट्ट्या मागे ओढला की हवा आत येते, आणि तोंडावर अंगठा ठेवून ओढला की अंगठ्याची कातडी आत खेचली जाते. जागा वाढली, आतला दाब कमी झाला, बाहेरची हवा जास्त दाबाची म्हणून आत घुसली. लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला त्यांना हे एका वाक्यात समजते, पण आता बहुतेक ठिकाणी मोटरचा ब्लोअर आला, त्यामुळे आजोबांना विचारून या असं सांगते. 1674 मध्ये जॉन मेयो नावाच्या इंग्रजानं श्वास समजावायला भात्याचंच उदाहरण घेतलं होतं, आतमध्ये एक पिशवी ठेवून. म्हणजे आपण काही नवीन करत नाही आहोत.

छातीतला दट्ट्या म्हणजे श्वासपटल. बरगड्यांच्या खाली घुमटासारखा वर उचललेला पातळ स्नायू, तो आकसला की सपाट होऊन खाली जातो आणि पोटातल्या गोष्टींना खाली ढकलतो. एका पोट्ट्याला सतरंजीवर उताणं झोपवा, पोटावर वही ठेवा, वही वर-खाली होताना सगळ्यांनी पाहायची. "मॅडम, हवा पोटात जाते का मंग?" हा प्रश्न येतोच येतो, आणि यायलाच पाहिजे. नाही जात, पोट ढकललं जाते फक्त. उचकी म्हणजे हेच श्वासपटल अचानक आकसणं, कोणी आठवण काढत नाही. हे सांगितलं की वर्ग जागा होतो.

आता बाटलीचं मॉडेल, यात लोकं फार फसतात. यूट्यूबवर वाय आकाराची नळी, दोन फुगे, झाकणाला छिद्र वगैरे दाखवतात, छान दिसते पण गळते, आणि गळलं की काहीच हलत नाही, तास वाया. मी एकच फुगा घेते. कोल्ड्रिंकची एक लिटरची जाड बाटली घ्या, पाण्याची पातळ नको, ओढलं की तीच चेपते. बूड कापा, कडेला चिकटपट्टी लावा नाहीतर बोट कापते. फुगा तोंडातून आत सोडा आणि त्याची कड बाटलीच्या तोंडावर उलटवून घ्या, झाकण नाही, छिद्र नाही, एम-सील नाही. मोठ्या फुग्याचं तोंड कापून तो बुडावर ताणा, सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून वरून चढवा. खालचं रबर ओढलं की आतला फुगा फुगते, सोडलं की बसते.

पण इथंच थांबू नका. मुलांनाच विचारा की हे मॉडेल कुठं खोटं बोलते. बाटलीची भिंत हलत नाही, आपल्या बरगड्या हलतात. बाटलीत फुग्याभोवती बोटभर रिकामी जागा आहे, आपल्या छातीत तशी नाही, फुप्फुस छातीच्या भिंतीला जवळपास चिकटूनच असते, मध्ये फक्त द्रवाचा पातळ थर. यासाठी काचेचे दोन तुकडे ओले करून एकमेकांवर ठेवा, घसरतात पण सरळ ओढून सुटत नाहीत. छाती बाहेर गेली की फुप्फुस मागोमाग का जाते ते यातून कळते.

तिसरा खोटेपणा म्हणजे फुगा आतून रिकामा असतो, फुप्फुस तसं नाही. यासाठी मटनाच्या दुकानातून बकऱ्याचा फोपसा, म्हणजे फुप्फुस, आणता येते, श्वासनलिकेसकट मागा. पाण्यात टाकला की तरंगते, श्वासनलिकेवरच्या कड्या बोटाला लागतात, सायकलच्या पंपानं हवा भरली की गुलाबी होत फुगते (तोंडानं अजिबात फुंकायचं नाही, हातमोजे घालायचे, नंतर साबण). आधी पालकांना विचारून घ्या. मी एकदा नाही विचारलं आणि दुसऱ्या दिवशी एक बाप शाळेत, लेक जेवली नाही म्हणून. चूक माझीच होती. माणसाच्या उजव्या फुप्फुसाचे 3 भाग आणि डाव्याचे 2, बकऱ्याचे तसे जुळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर पोट्टे मोजत बसतात. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक बारीक पिशव्या, किती तर 30 ते 50 कोटी, सगळे उलगडून पसरवले तर साधारण 70 चौरस मीटर, म्हणजे आमच्या वर्गखोलीपेक्षा बरेच जास्त. एवढी जागा कशाला, तर पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात आणि कार्बन डायऑक्साईड बाहेर, हा सौदा सेकंदाच्या आत उरकायचा असते.

"आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साईड सोडतो" हे वाक्य मला आवडत नाही, कारण मुलं समजतात की आत जाणारं सगळं ऑक्सिजन आणि बाहेर येणारं सगळं दुसरं. मी 100 दाणे मोजायला लावते. आत जाणारी हवा: 78 सोयाबीन म्हणजे नायट्रोजन, 21 तूर म्हणजे ऑक्सिजन, 1 जवस म्हणजे बाकीचं. कार्बन डायऑक्साईड 0.04 टक्के, त्याला 100 दाण्यांत जागाच नाही. बाहेर येणारी: सोयाबीन तेवढंच, तूर 16-17, आणि 4 दाणे मूग. तूर बरीच उरली की बाप्पा! म्हणूनच तोंडानं श्वास देऊन माणूस वाचवता येते. वाफ यात धरली नाही, ती आरशावर फुंकून वेगळी दाखवा.

मूग खरंच येतात का, त्यासाठी चुन्याची निवळी. पानटपरीचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हातानं काढा. दोन ग्लास घ्या. एकात स्ट्रॉनं फुंकायचं, दुसऱ्यात सायकलच्या पंपानं तेवढ्याच वेळा साधी हवा सोडायची. फुंकलेला दुधाळ होते, पंपवाला नितळच राहते. दुसरा ग्लास नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही, कोणी म्हणेल बुडबुड्यांनीच पांढरं झालं. ओढायचं नाही, फुंकायचं, हे तीनदा सांगा. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात न्या, चुना डोळ्याला फार वाईट.

किती हवा मावते ते 5 लिटरच्या तेलाच्या कॅननं. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा करा, पाण्यानं भरून घमेल्यात उपडी धरा, ठिबकच्या नळीचा धुतलेला तुकडा आत घालून फुंकायला लावा. सातवीतली लेकरं दोन-अडीच लिटरच्या आसपास जातात. नळीचं तोंड दरवेळी धुवा. शर्यत लावू नका, जोरजोरात फुंकून चक्कर येते. गंमत म्हणजे आरामात बसलेला मोठा माणूस एका श्वासात फक्त अर्धा लिटर घेते.

फवारणीचा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी निघते. "बाबा तोंडाला दुपट्टा बांधते, मंग विष आत जाते का?" 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, मुलांना माहीत असते, तुम्ही टाळलं तरी. मी सरळ सांगते की दुपट्टा मोठे थेंब थोडेफार अडवते, बारीक थेंब आणि वाफ नाही, आणि ओला झाला की तेच औषध नाकाशी धरून ठेवते, शिवाय कातडीतूनही जाते. काही औषधांनी श्वासनलिकांत पाणी साचते आणि श्वासपटलाला नसांचा निरोपच नीट पोचत नाही. इथं मुलांना श्वासपटल आठवते.

शेवटी परीक्षेचा एकच प्रश्न. त्याच बाटलीच्या बाजूला गरम खिळ्यानं छिद्र पाडते आणि खालचं रबर ओढते. आतला फुगा ढिम्म. काऊन? मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरचा, जो कापूस वेचणीच्या दिवसांत महिनाभर शाळेतच नव्हता, तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, हवेले जवळचा रस्ता सापडला ना, आता ते नाकातून काऊन येईन?"