डायलिसिसचा फिल्टर जाम होतो तेव्हा

'फिल्टर जाम झाला' असे सिस्टरांनी सांगितले की नातेवाइकांचा पहिला संशय फिल्टरच्या दर्जावर जातो. वडिलांना घेऊन पुण्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊ लागल्यावर सुरुवातीला मीही फिल्टरलाच दोष देत असे. प्रत्यक्षात दोष बहुधा फिल्टरच्या आधीच कुठेतरी असतो.

फिल्टरमध्ये आतून पोकळ अशा हजारो नळ्या असतात. एकेका नळीचा आतील व्यास जेमतेम 0.2 मिलिमीटर असल्यामुळे रक्त जरा रेंगाळले तरी ते गोठू लागते. फिस्टुलात (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या हातातल्या रक्तवाहिनीत) सुई नीट न बसणे, कॅथेटर (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) अर्धवट बंद असणे, अलार्ममुळे पंप वारंवार थांबणे, नळ्यांत हवा राहणे किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेमुळे हिपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) न देणे ही त्याची नेहमीची कारणे होत. एक कारण मात्र घरचे आहे. मिसळ, बाकरवडी, लोणचे यांतल्या मिठाने तहान वाढते, दोन डायलिसिसांच्या मधे वजन चढते आणि ते सारे पाणी 4 तासांत काढताना रक्त फिल्टरमध्येच दाट होते.

शेजारी बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाने मशीनवरचा व्हीनस प्रेशरचा, म्हणजे रक्त शरीरात परत जाताना नळीत असलेल्या दाबाचा, आकडा वहीत लिहावा. तो सतत चढत असेल, नळीतले रक्त काळपट दिसत असेल किंवा फिल्टरमध्ये उभ्या काळ्या रेघा उमटत असतील, तर अलार्मची वाट न पाहता टेक्निशियनना सांगावे. ते सलाइन सोडतात तेव्हा मोकळ्या नळ्या पांढऱ्या पडतात आणि बंद झालेल्या काळ्याच राहतात, हे डोळ्यांनी पाहण्यासारखे असते. मशीनला किंवा नळ्यांना आपण हात लावू नये.

फिल्टर पूर्ण जाम झाल्यास आतले रक्त परत देता येत नाही आणि साधारण 150 ते 250 मिली रक्त वाया जाते. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णाला हे परवडत नाही. अर्धवट जाम झाल्यास घड्याळात 4 तास भरतात, पण रक्त तेवढे शुद्ध होत नाही. धुऊन पुन्हा वापरायच्या फिल्टरची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेल्यास तो टाकून द्यावा लागतो.

दात काढायचा असेल, जखम किंवा कुठे रक्तस्राव झाला असेल, तर सुई टोचण्यापूर्वीच सांगावे, कारण हिपॅरिनचे प्रमाण त्यावर ठरते. हिपॅरिन देऊनही फिल्टर वारंवार जाम होत असेल आणि प्लेटलेट घटत असतील, तर ते हिपॅरिनमुळेच होत नाही ना, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.