जमिनीखालचा असामान्य दाब: रिगवर पुन्हा पुन्हा होणाऱ्या या चुका टाळा

तेल किंवा गॅससाठी खोदली जाणारी विहीर असामान्य दाबाच्या थरात अडचणीत आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "अचानक झालं." मला ते पटत नाही. बहुतेक वेळा शेल (घट्ट झालेल्या चिकणमातीचा खडक) बरंच आधी सांगत असतं, आणि आपण प्रत्येक खुणेला वेगळं कारण देऊन ती बाजूला सारत असतो.

आधी मूळ गोष्ट. खडकाच्या छिद्रांतलं पाणी वरपर्यंत मोकळं जोडलेलं असेल तर दाब खोलीप्रमाणे वाढतो, गोड्या पाण्याला फुटामागे 0.433 पीएसआय (चौरस इंचावर पौंड), खाऱ्याला 0.465 च्या आसपास. पण गाळ झपाट्याने साचला आणि चिकणमातीतल्या पाण्याला निसटायला वाट मिळाली नाही, तर वरच्या थरांच्या ओझ्याचा मोठा वाटा ते कोंडलेलं पाणीच पेलू लागतं. ते ओझं फुटामागे साधारण 1 पीएसआय असतं. थराचा असामान्य जास्त दाब या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी सापडतो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पाइप बाहेर काढताना ट्रिप टँककडे (विहिरीत जाणारा द्रव मोजणारी टाकी) न बघण्याची. मड, म्हणजे पाइपमधून खाली जाऊन बाहेरच्या जागेतून वर येणारा खोदकामाचा जड द्रव, फिरत असताना घर्षणामुळे तळाला थोडा जादा दाब मिळत असतो, पंप बंद केला की तो जातो. त्यात पाइप वर ओढला की बिटखाली, म्हणजे पाइपच्या टोकाच्या खोदणाऱ्या अवजाराखाली, खेच निर्माण होते आणि तळाचा दाब आणखी घटतो. यालाच स्वॅबिंग म्हणतात. खोदताना पुरेसं वाटणारं मडचं वजन इथे कमी पडू शकतं. म्हणून काढलेल्या पोलादाइतकं मड विहिरीने प्यायलाच हवं, 5 इंची ड्रिल पाइपच्या पाच स्टँडमागे (स्टँड म्हणजे एका वेळी बाहेर काढायचे जोडलेले पाइप) साधारण साडेतीन बॅरल. ती कमी प्यायली, तर उरलेली जागा थरातल्या गॅसने किंवा पाण्याने भरली असं समजायचं.

एका खोल विहिरीवर मी मड लॉगिंग युनिटमध्ये (वर येणाऱ्या मडमधला गॅस आणि खडक तपासणारी केबिन) होतो. शेलमध्ये दर कनेक्शनला, म्हणजे नवा पाइप जोडायला पंप थांबवला की, गॅस आधीपेक्षा जास्त दाखवत होता. शेकरवर (मड गाळणारी हलती चाळणी) कटिंग्जबरोबर, म्हणजे बिटने फोडलेल्या खडकाच्या तुकड्यांबरोबर, लांबट, किंचित वळलेल्या कपच्या येत होत्या. म्हणजे भिंतीचं शेल मडच्या दाबाला जुमानत नव्हतं. तरी बिट बदलायचं ठरलं आणि घाईत पाइप काढायला सुरुवात झाली. पहिल्या पाच स्टँडला विहीर दोनच बॅरल प्यायली. मी इंटरकॉमवर सांगितलं, उत्तर आलं, "टँकचा फ्लोट अडकला असेल." पुढच्या पाचांनाही तेच. फ्लोट बघायला कुणी गेलं नाही, कारण बघायचं तर थांबावं लागतं. शेवटी फ्लो चेक केला तेव्हा पंप बंद असूनही विहीर वाहत होती. बीओपी (विहिरीच्या तोंडावरचा सुरक्षा झडपांचा संच) बंद केला, पण तोवर बिट तळापासून बरंच वर आलं होतं आणि शिरलेला गॅस त्याच्या खाली होता. तो तसाच मड फिरवून बाहेर काढता येईना. मग दाबाखालीच पाइप पुन्हा तळाकडे उतरवावा लागला. वाचवलेल्या काही मिनिटांपायी कित्येक दिवस गेले.

मी ट्रिप शीट (पाइप काढताना-घालताना मडचा हिशोब) हातानेच लिहितो आणि मागच्या ट्रिपचं शीट शेजारी ठेवतो. हिशोब जुळला नाही की आधी फ्लो चेक. विहीर शांत असली तरी पाइप तळाला परत न्यायचा आणि तळाचं मड वर येईपर्यंत फिरवायचं. नवे ड्रिलर याला वेळ घालवणं म्हणतात. त्यांनी मकोंडो विहिरीचा चौकशी अहवाल वाचावा. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातातल्या या विहिरीचं सील तपासणाऱ्या चाचणीत ड्रिल पाइपवर 1400 पीएसआय दाब दिसत होता. दुसऱ्या नळीतून प्रवाह नव्हता, म्हणून त्या दाबाला सोयीचं कारण दिलं गेलं आणि चाचणी पास ठरली. त्याच रात्री स्फोट झाला, 11 माणसं गेली.

दुसरी चूक संगणकासमोर बसणाऱ्यांची: डीसी एक्स्पोनंटच्या (खोदण्याच्या वेगावरून थराचा दाब सुचवणारा आकडा) रेषेवर आंधळा विश्वास. 1966 मध्ये जॉर्डन आणि शर्ली यांनी मांडलेल्या डी एक्स्पोनंटची मडच्या वजनाप्रमाणे सुधारलेली ही पद्धत रोलर कोन बिटच्या (फिरत्या दातेरी शंकूंचं बिट) काळातली. सर्वसाधारण दाबाच्या शेलमध्ये आकडा खोलीबरोबर वाढतो, दाब चढला की मागे वळतो. पण झिजलेलं बिट हे वळण झाकून टाकतं, पीडीसी बिट (कृत्रिम हिऱ्याच्या धारेचं) लावलं की रेषा सरकते, वाळूचे बिंदू मिसळले तर काहीच कळत नाही आणि चुनखडीत ही पद्धत चालतच नाही. घाईत असलेली मंडळी मग रेषाच सरकवतात, खोदण्याआधीच्या अंदाजाशी जुळेपर्यंत. मी फक्त स्वच्छ शेलचे बिंदू घेतो, बिट बदललं तिथे आडवी खूण करतो आणि सोबत कनेक्शन गॅस, कपच्या आणि बाहेर येणाऱ्या मडचं तापमान एकाच कागदावर उतरवतो. तीन खुणा एका दिशेने गेल्या की कंपनी मॅनला (तेल कंपनीचा रिगवरचा प्रतिनिधी) उठवायचं, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

शंका आली की मड जड करत सुटणं हाही उपाय नव्हे. केसिंग शूजवळचा (विहिरीतल्या पोलादी अस्तराच्या खालच्या टोकाजवळचा) कमजोर खडक फाटला की मड तिथे जातं, विहिरीतली पातळी उतरते आणि खालून किक येते, म्हणजे थरातला गॅस किंवा पाणी विहिरीत घुसतं. लीक ऑफ टेस्टचा (किती दाबाला खडक मड आत घेऊ लागतो ती चाचणी) आकडा समोर ठेवूनच वजन वाढवा.

जड मडमुळे भेगा उघडून मड आत जातं आणि पंप थांबला की परत येतं, त्याला बलूनिंग म्हणतात. ते किकसारखंच दिसतं. आधीच्या कनेक्शनना किती मड परत आलं याची नोंद असेल तरच फरक ओळखता येतो. नोंद नसेल तर किक समजूनच विहीर बंद करा.

तिरप्या विहिरीत मडचा दाब काढताना पाइपची लांबी नको, उभी खोली घ्या.

शेकरवरचा नमुना आत्ताच्या खोलीचा नसतो, लॅग टाइम (तळाचा नमुना वर यायला लागणारा वेळ) रोज नव्याने काढा.

आणि फ्लो लाइनवर (विहिरीतून मड बाहेर आणणारी नळी) गॅसमुळे हलकं झालेलं मड पाहून लगेच बॅराइट (मड जड करणारी पूड) ओतू नका. गॅस फुगतो तो मुख्यतः वर आल्यावर, त्यामुळे तळाचा दाब दिसतो त्या मानाने फार थोडा घटलेला असतो. आधी पंप थांबवून फ्लो चेक करा, सक्शन पिटमधल्या (पंप मड ओढतो ती टाकी) मडचं वजन स्वतः मोजा आणि डीगॅसर (मडमधला गॅस काढणारं यंत्र) चालू आहे का ते बघा.