फौजेतून हॉस्पिटलात: नर्सिंग असिस्टंटनी या चुका टाळा

आर्मी मेडिकल कोअरमध्ये सतरा वर्षं वॉर्ड सांभाळलेला माणूस साताऱ्या-सांगलीकडे परततो, तेव्हा त्याला काम शिकवावं लागत नाही. तरी मिरज-कराडच्या हॉस्पिटलात मुलाखत उत्तम होऊनही नेमणूक अडते. कारण बहुतेक वेळा कागदात असतं, आणि ते नोकरीत असतानाच दूर करता येतं.

‘मी नर्सच आहे’ असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्टाफ नर्सच्या जागेसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि ती जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग केल्यावरच मिळते. फौजेतला क्लास वन, म्हणजे आपल्या ट्रेडमधला सर्वांत वरच्या श्रेणीचा, कोर्स तिथे चालत नाही. जीएनएम करायचं तर तीन वर्षं पूर्णवेळ द्यावी लागतात. प्रवेशाची वयाची अट आधी वाचा. मेडिकल स्टोअरचंही तसंच. एमआयरूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, कितीही वर्षं औषधं वाटली असली, तरी फार्मसी कायदा 1948 प्रमाणे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचाच.

मग क्लास वनचा उपयोग कुठे? ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये. तिथल्या जाहिरातींत नर्सिंग असिस्टंटसाठी जीएनएमला, तर लॅब असिस्टंटसाठी डीएमएलटीला (लॅबच्या पदविकेला) पर्याय म्हणून सशस्त्र दलांचा क्लास वन कोर्स धरतात. म्हणून क्लास टूवर थांबून बाहेर पडू नका. परीक्षा राहिली असेल तर आधी ती द्या. या जागा कंत्राटी असतात, हे मात्र घराचा हप्ता ठरवताना लक्षात असू द्या.

खासगी हॉस्पिटलात ओटी (शस्त्रक्रियागृह), डायलिसिस, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग), कॅज्युअल्टी इथे अनुभवाला किंमत मिळते. नेमणूकपत्रावर पदनाम काय लिहिलंय ते पाहा. नोंदणी नसताना ‘स्टाफ नर्स’ म्हणून सही करू नका. काही बिघडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

पदवी समकक्षतेवर विसंबणं

पंधरा वर्षांच्या सेवेनंतर दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या जागांसाठी पात्र धरता येतं. पण जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक आहे, तिथे ही सवलत नाही. कारकुनी जागेला ती कामाची, लॅबच्या जागेला नाही.

नावातली तफावत सोडून देणं

शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, फौजेच्या कागदावर शेवटी आणि वडिलांचं नाव गायब, असं आपल्याकडे सर्रास दिसतं. कागदपत्रांच्या पडताळणीत हेच अडतं. डिस्चार्जच्या दोन वर्षं आधी दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि सर्व्हिस रेकॉर्ड शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवा-नोंदीतले बदल नोंदवणाऱ्या आदेशाने, होते. बाहेर पडल्यावर लखनौच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारच करत बसावं लागतं. एक्स-रेवाल्यांनी टीएलडी बॅजची (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बिल्ल्याची) आजवरची डोस-नोंदही मागून घ्यावी.

डिस्चार्जची वाट पाहत बसणं

सेवा संपायला एक वर्ष उरलं की युनिटची एनओसी घेऊन सिव्हिल जागांसाठी अर्ज करता येतो. राज्याच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. जाहिराती स्वतः पाहा.

गावात सलाईन लावणं

आळीतले लोक विश्वासाने बोलावतात, नाही म्हणणं जड जातं. पण महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961 च्या कलम 33 खाली नोंदणीशिवाय उपचार करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि इंजेक्शनची रिॲक्शन आली, तर घरात ना डॉक्टर असतो ना ऑक्सिजन. बीपी बघा, प्रथमोपचार करा आणि पेशंटला दवाखान्यात पोचवा.

फौजी भाषेतला बायोडेटा

‘एनए क्लास वन, एमएच’ (नर्सिंग असिस्टंट, मिलिटरी हॉस्पिटल) एवढ्यावरून एचआरला काही कळत नाही. किती खाटांचा वॉर्ड, कोणत्या शस्त्रक्रियांना मदत, व्हेंटिलेटर हाताळला का, ते लिहा. तैनातीची ठिकाणं लिहू नका. जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग मुलाखतीत विचारतातच: सुया पांढऱ्या डब्यात, आयव्ही सेट लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. हिपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसांची नोंदही फाईलला जोडा.